बाप्तिस्मा झाला, आणि मग सगळंच का बिघडलं?

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. बाप्तिस्मा घेऊन सात महिने झाले. पहिले काही आठवडे मन हलकं होतं, प्रार्थनेत गोडी होती. मग नोकरी गेली, सासरच्यांनी बोलणं टाकलं, प्रार्थनेला बसलं की शब्द सुचेनासे झाले आणि सुटला असं वाटलेला रागीट स्वभाव परत उसळी मारायला लागला. प्रार्थना-गटातले एक ज्येष्ठ म्हणतात, "देव तुमची परीक्षा घेतोय. आम्ही सांगतो ते निमूट पाळा, म्हणजे पास व्हाल. प्रश्न विचारणं ही बंडखोरी आहे." थायरॉइडची गोळीसुद्धा 'विश्वासानं' बंद करा, असं त्यांनी सुचवलंय. पती विश्वासी नाहीत, म्हणजे ख्रिस्ती विश्वासात आलेले नाहीत. (रविवारी उपासनेला जाते ते त्यांना 'मैत्रिणीकडे चाललेय' असं सांगून, हे ताईंनी कंसात लिहिलंय.) शेवटी दोन गोष्टी विचारल्यात: मी नापास होतेय का? आणि आठवड्यातून किती उपवास करू?

ताई, आधी गोळीचं. ती आजही घ्या, उद्याही घ्या. बंद करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. का, ते पुढे सांगतो.

आता तुमचा 'नापास' हा शब्द. नव्या विश्वासणाऱ्यांचे वर्ग घेता घेता मला वीसेक वर्षं झाली, आणि हा शब्द मी इतक्यांच्या तोंडून ऐकलाय की तो आला की मी हातातलं पुस्तक मिटून ठेवतो. त्यामागे शाळेचं चित्र असतं: आधी पेपर, मग निकाल, मग प्रवेश. पवित्र शास्त्रात हा क्रम नेमका उलटा आहे. मत्तयाचा तिसरा आणि चौथा अध्याय सलग वाचा, मधे थांबू नका. येशू यार्देन नदीच्या पाण्यातून वर येतो, आकाशातून वाणी होते की हा माझा पुत्र, मला परमप्रिय, आणि त्यानंतर आत्मा त्याला अरण्यात नेतो, चाळीस दिवसांच्या उपवासाला. तोवर त्याने एकही प्रवचन केलेलं नाही, एकही चमत्कार केलेला नाही. तरी 'माझा' आधी म्हटलं गेलं, चाळीस दिवस नंतर आले. मोहात पाडणाऱ्या सैतानाचं पहिलं वाक्य बघा: "तू देवाचा पुत्र असशील तर." दगडांच्या भाकरी कर, हा विषय त्याच्यामागून येतो. जे नुकतंच कानात सांगितलं गेलं, त्यालाच तो 'असशील तर' जोडतो. तुमच्या डोक्यात सात महिने जे चाललंय तेही हेच आहे. नोकरी गेली हे दुःख आहेच, पण त्याच्या आडून 'मग मी खरंच त्याची आहे का' हा किडा आत शिरलाय.

सिनाय डोंगरावरही हाच क्रम. दहा आज्ञांचं पहिलं वाक्य आज्ञा नाहीच मुळी. तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणणारा तुझा देव तो मी, असं देव आधी सांगतो, आणि मग आज्ञा देतो. सुटका आज्ञापालनाचं बक्षीस असती, तर त्या पाट्या मिसरातच वाटल्या असत्या आणि 'जो पाळेल त्याला समुद्रापार नेतो' असं सांगितलं असतं.

थोडं 'परीक्षा' या शब्दाबद्दल, कारण निम्मा गोंधळ तिथे आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, आम्हांला परीक्षेत आणू नको. आणि नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब म्हणतो, नाना परीक्षांना तोंड द्यावं लागलं की आनंद माना. मग आनंद मानायचा की नको म्हणायचं? दोन्हीकडे ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, पेइरास्मोस. कस लावणं आणि मोहात पाडणं हे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात आहेत. याकोबाला हे ठाऊक असावं, कारण त्याच अध्यायात, तेराव्या वचनात, तो बजावतो की मला देवानं मोहात घातलं असं कुणी म्हणू नये. माणूस स्वतःच्याच वासनेनं ओढला जातो. म्हणजे एकाच प्रसंगाला दोन टोकं असू शकतात. नोकरी जाण्यातून तुमची मुळं खोल जावीत हे देवाला हवं असतं. त्याच धक्क्यानं तुम्ही उन्मळून पडावं हे दुसऱ्या कुणाला. येशूचा शिष्य पेत्र यानं यासाठी सोन्याची उपमा वापरली. सोनार सोनं आगीत घालतो ते हीण बाहेर यावं म्हणून. ते सोनं आहे हे त्याला आधीच माहीत असतं. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे सांगतो की चाळीस वर्षं अरण्यातून चालवलं ते तुमच्या मनात काय आहे ते दिसून यावं म्हणून. देवाला ते ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. ठाऊक नसतं ते आपल्याला.

पण थांबा. सगळंच परीक्षा नसतं.

काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे वही घेऊन आला. रोज रात्री त्या दिवशी देवानं कोणती परीक्षा घेतली ते तो लिहायचा. महिन्याभराच्या नोंदी होत्या. बस चुकली. साहेब ओरडले. घसा धरला. मित्रानं फोन उचलला नाही. मोबाइलवर रात्री दोनपर्यंत नको ते पाहिलं. सकाळी उशिरा उठलो, पुन्हा बस चुकली. मी त्याला पेन्सिल दिली आणि म्हटलं, प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर लिही. नुसतं आयुष्य असेल तर 'आ', मोह असेल तर 'मो', आपलीच करणी असेल तर 'क'. तो लिहायला बसला. घशापुढे 'आ'. मोबाइलपुढे 'मो'. दुसऱ्या बसपाशी पेन्सिल अडली. मग त्यानं हसून 'क' लिहिलं, आणि पहिल्या बसवर परत जाऊन तिथला 'आ' खोडून तिथेही 'क' केला. शेवटी चार-पाच नोंदी अशा उरल्या की ज्यांपुढे काय लिहावं हे आम्हा दोघांनाही कळेना. त्या आम्ही कोऱ्या सोडल्या. बाकीच्या नोंदी त्या दिवशी वहीतून उतरल्या म्हणायला हरकत नाही. सकाळची बस गाठायला रात्री झोपावं लागतं, याला आध्यात्मिक स्पष्टीकरण लागत नाही.

तुम्हीही पेन्सिल घ्या. नोकरी: तुमच्या पत्रावरून तरी 'आ'. सासरच्यांचा अबोला: निदान काही भाग विश्वासापायी सोसावा लागतोय. पेत्र अशांना लिहितो की अग्निपरीक्षा आली तर काहीतरी आक्रीत घडलं असं मानू नका. राग: 'मो', आणि थोडा 'क'. कोरड्या प्रार्थनेपुढे मी काहीच लिहिणार नाही. तुम्हीही घाईनं लिहू नका.

माझी एक चूक इथे सांगायलाच हवी. सेवेत नवा होतो तेव्हा आजारी बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या एका आईला मी म्हटलं, "ही तुमच्या विश्वासाची परीक्षा आहे." ती काही बोलली नाही. बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, आणि पुढच्या रविवारपासून आली नाही. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ते बरोबर होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. जन्मांध माणूस दिसला तेव्हा शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूनं दोन्ही पर्याय नाकारले. दुसऱ्याच्या दुःखावर 'परीक्षा' अशी चिठ्ठी चिकटवायचा अधिकार कुणालाही नाही. तुमच्या गटातल्या ज्येष्ठांनाही नाही.

आता त्या कोरडेपणाचं. पहिली ऊब ओसरते. सगळ्यांची ओसरते, कुणी सांगतं, कुणी लपवतं. तांबडा समुद्र ओलांडून गाणी म्हटलेल्या लोकांना तीन दिवसांत पाणी मिळेना, आणि मिळालं ते मारा इथलं, कडू. समुद्रापासून मारापर्यंत तीन दिवस! तुमचे तर काही आठवडे गेले. पुढच्या मुक्कामाला एलीम आलं, बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडं, पण मारापाशी बसून ते कुणाला दिसत नव्हतं. त्यानंतर मान्ना, म्हणजे अरण्यात देवानं रोज पुरवलेलं अन्न. मान्ना देताना देव स्पष्ट म्हणतो की मी यांची परीक्षा पाहणार. ती परीक्षा कशी होती ते बघा: रोज सकाळी उठा, त्या दिवसापुरतं गोळा करा, उद्यासाठी लपवून ठेवू नका, आणि सहाव्या दिवशी दुप्पट घ्या. ज्यांनी लपवून ठेवलं त्यांच्या मान्न्यात किडे पडले. नव्या लोकांसाठी देवानं निवडलेली परीक्षा इतकी साधी, घरगुती होती.

याउलट नव्यांना सगळ्यांत जास्त कुणाची धास्ती असते? अब्राहामाची. मोरियाच्या डोंगराची, जिथे देवानं त्याला आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला सांगितलं. 'उद्या देवानं माझ्या मुलाचं काही मागितलं तर?' हे मला विचारणारे डझनभर तरी भेटले असतील. त्यांना मी आकडे सांगतो. घर सोडलं तेव्हा अब्राहाम पंचाहत्तर वर्षांचा होता, इसहाक झाला तेव्हा शंभरचा, आणि मोरिया त्याच्याही पुढे, जेव्हा तो मुलगा लाकडांचा भारा उचलून डोंगर चढण्याइतका मोठा झाला होता. पंचवीसहून अधिक वर्षांची सोबत. मधे दोनदा बायकोला बहीण म्हणवून सुटका करून घेतलेली, तरी देवानं त्याला टाकलं नव्हतं. मोरिया ही पहिल्या वर्षाची गोष्ट नाही. आणि तिथेही शेवटी सुरी थांबवली गेली, हे विसरू नका.

रागाबद्दल थोडक्यात. पडलात म्हणजे संपलात, असं नाही. 'मी येशूला ओळखत नाही' असं पेत्र तीनदा म्हणून बसला. येशूनं त्याला आधीच सांगितलं होतं की सैतानानं तुम्हांला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केलीय, आणि तू वळलास की आपल्या भावांना स्थिर कर. 'वळलास तर' नव्हे, 'वळलास की'. पुढे इ. स. २५० मध्ये रोमी सम्राट डेसियसनं फर्मान काढलं की प्रत्येकानं देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. पुष्कळ ख्रिस्ती लोक घाबरून गेले. काहींनी बळी दिला, काहींनी पैसे मोजून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक रडत परत आले तेव्हा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मोठा वाद पेटला. रोममध्ये नोवाटियनचा पक्ष म्हणे, यांना दार बंद. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कॉर्नेलियस यांनी पश्चात्तापाचा काळ पाळून त्यांना परत घेण्याची बाजू धरली, आणि मंडळीनं तीच वाट स्वीकारली. रागाच्या भरात घरात कुणाला काही बोलला असाल तर माफी मागा. त्याच दिवशी, त्याच माणसाची. रडगाणं एका आठवड्याच्या वर नको.

आता आज्ञापालन. हा शब्द ऐकला की मला कवायत आठवते, आणि म्हणून तो मला फारसा आवडत नाही. आपल्या बोलीत याहून चांगला शब्द आहे: ऐकणं. "पोरगं ऐकत नाही" असं आई म्हणते तेव्हा त्याचा कान बिघडलाय असं तिला म्हणायचं नसतं. कानावर पडणं आणि तसं वागणं या दोन्हींना आपण 'ऐकणं'च म्हणतो. इब्रीतल्या 'शमा'चंही तसंच, आणि नव्या करारात आज्ञापालनासाठी जो ग्रीक शब्द येतो त्यातही ऐकण्याचाच धातू आहे. हे एकदा लक्षात आलं की प्रश्न बदलतो. 'मी किती नियम पाळले' याच्या जागी 'तो आत्ता काय म्हणतोय, आणि ते मी ऐकलं का' असा होतो. बहुतेक वेळा तो फार काही म्हणत नसतो. एकच गोष्ट म्हणत असतो, आणि ती आपल्याला आधीपासून ठाऊक असते. माझ्या वर्गातले एक गृहस्थ तीन महिने देवाची इच्छा शोधत होते. चौथ्या महिन्यात त्यांनी सांगितलं की भावाच्या वाट्याचे पैसे आपल्याकडे राहिलेत, आणि प्रार्थनेला बसलं की पहिल्यांदा तेच आठवतं. मी म्हटलं, मग शोध कसला चाललाय?

सुरुवातीच्या शतकांतही हे असंच पाहिलं जायचं. तिसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या एका जुन्या नियमावलीप्रमाणे बाप्तिस्म्याच्या उमेदवारांनी तीन वर्षं वचन ऐकायचं. पण कुणी मनापासून झटत असेल तर वर्षं मोजायची नाहीत, वागणूक पाहायची. आणि शेवटी चौकशी व्हायची ती विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांच्या भेटीला गेले का, याची. दर्शनं झाली का, अंगावर शहारे आले का, हे कुणी विचारत नसे.

मग तुमच्या ज्येष्ठांचं काय? इब्री लोकांस पत्रात पुढाऱ्यांचं ऐका असं लिहिलंय, ते खरं. मी स्वतः पाळक (पास्टर) असल्यामुळे हे वचन मला सोयीचंही आहे, म्हणून त्याच्याशी जास्त जपून वागतो. त्याच वचनात पुढे आहे की त्यांना हिशेब द्यायचाय. पेत्र मंडळीतल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बजावतो की कळपावर धनीपण करू नका. बिरुया गावातल्या लोकांची तर स्तुती होते ती पौल या प्रेषिताचं बोलणं रोज शास्त्रात ताडून पाहिल्याबद्दल. प्रेषिताला प्रश्न विचारणं बंडखोरी ठरलं नाही, तर गटप्रमुखाला विचारणं कसं ठरेल? 'सगळ्यांची पारख करा, चांगलं ते धरा' हेही आज्ञापालनच आहे. आणि पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला सांगतो की मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा, नाहीतर फुगेल. ज्येष्ठ स्वतः विश्वासात कधीपासून आहेत, ते कुणाला उत्तर देतात, हे जरूर विचारा. साध्या आवाजात विचारा. उत्तरादाखल धमकी आली, तर तेच उत्तर समजा.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ज्या मठवासी ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाला त्या होत्या त्यांच्याशीच पुढे त्यांचा पत्रांतून वाद झाला. मंडळीचं म्हणणं न पडताळता मान्य करायला रमाबाई तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी कळवलं. त्यांना अहंकारी म्हटलं गेलं. पण याच बाईंनी पुढे इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणण्यासाठी वर्षानुवर्षं घालवली, आणि १९२२ मध्ये ते काम हातावेगळं करूनच डोळे मिटले. माणसाला 'नाही' म्हणताना त्यांनी वचनाकडे पाठ फिरवली नव्हती. तुमचा नकारही कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला ही खूण पुरेल: नकारानंतर तुम्ही वचनाच्या जवळ जाता की लांब?

आणि म्हणूनच गोळी. मंदिराच्या शिरोभागावर उभं करून सैतान येशूला म्हणाला, खाली उडी टाक, देवदूत झेलतील. आणि वर शास्त्रवचनही म्हणून दाखवलं. येशूनं नकार दिला: देवाची परीक्षा पाहू नये. बरं होण्यासाठी प्रार्थना करणं वेगळं, आणि देवानं झेलावं म्हणून औषध बंद करणं वेगळं. दुसरी ती शिरोभागावरची उडी. असा सल्ला देणाऱ्याला हे वचन वाचून दाखवा, आणि तुमच्या मंडळीच्या पाळकांच्याही कानावर घाला. कुणी पैसे मागितले, कागदावर सही मागितली, किंवा घरात मारहाण होत असताना 'सोसा, परीक्षा आहे' म्हटलं, तरीही हेच करा. मारहाणीच्या बाबतीत तर प्रार्थना सुरक्षित जागी पोचल्यावर.

राहिलं घर आणि उपवास. पतीला सोडा असं ज्येष्ठांनी अजून म्हटलेलं नाही, पण असे लोक तिथवर पोचतात, म्हणून सांगून ठेवतो: अविश्वासी जोडीदार सोबत राहायला राजी असेल तर त्याला सोडू नका, असं पौल करिंथकरांना लिहितो. 'देवाला वाहिलंय' म्हणून आईबापांची जबाबदारी झटकणाऱ्यांना येशूनं चांगलंच फटकारलं होतं. विश्वासात आल्यावर घरच्यांशी वागणं कोरडं झालं, तर आपण काय ऐकलं हे तपासून पाहावं लागतं.

शौल राजाची गोष्ट आहे. शत्रूची जनावरंसुद्धा राखू नको, असं देवानं सांगितलेलं त्यानं अर्धंच केलं, आणि संदेष्टा शमुवेल आला तेव्हा म्हणाला, परमेश्वराची आज्ञा मी पाळलीय. शमुवेल म्हणाला, मग माझ्या कानी हा मेंढरांचा आवाज येतोय तो कसला? शौल म्हणाला, ती यज्ञासाठी राखलीत. ताई, तुम्ही कंसात लिहिलेल्या त्या वाक्यातून मला मेंढरांचा आवाज येतोय. सात महिने दर रविवारी तुम्ही खोटं बोलून उपासनेला जाताय, आणि मला विचारताय की उपवास किती करू. एकही नको. या आठवड्यात, घरात शांतता असेल अशा वेळी, पतींना सांगा की मी रविवारी कुठे जाते, आणि इतके दिवस सांगितलं नाही याबद्दल वाईट वाटतं. वाद घालू नका, साक्ष द्यायला जाऊ नका, पत्रकं हातात देऊ नका. ते विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्या. सांगितल्यानं अंगावर हात पडेल अशी भीती असेल तर सांगू नका. आधी पाळकांच्या पत्नीशी किंवा मंडळीतल्या एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्या बाईशी बोला. तशी भीती नसेल, तर झाल्यावर मला कळवा. ते चिडले तरी कळवा. उपवासाचं आपण त्यानंतर बघू.